पत्रवाहक आमच्या परिचयाचे आहेत

शिफारसपत्राशी आपली ओळख जुनी आहे. लेटरहेड आमदारांचं, नाहीतर एखाद्या संस्थेच्या कार्याध्यक्षांचं. मजकूर दोन ओळींचा: पत्रवाहक आमच्या परिचयाचे आहेत, त्यांच्या कामी योग्य ते सहकार्य व्हावे. खाली सही आणि गोल शिक्का. पत्रवाहक कोण, करतो काय, त्याचं काम काय, याबद्दल पत्रात अवाक्षर नसतं. ते वाचण्यासाठी नसतंच, दाखवण्यासाठी असतं. कचेरीतला कारकून आधी शिक्का बघतो, मग पत्रवाहकाकडे बघतो आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हेच वाक्य थोड्या मऊ आवाजात म्हणतो. तेवढा मऊपणा आला तरी पत्र लागू पडलं, असं आपण समजतो.

अशा परंपरेत वाढलेल्या घरावर ब्रिटनच्या ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसासाठी तीन शिफारसपत्रं गोळा करायची वेळ आली की काय होतं, ते मी अलीकडे जवळून पाहिलं. भाचा लंडनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझे काही लेख दिवाळी अंकांतून छापून आलेले असल्यामुळे ‘मामाला दाखव, तो लिहितो’ असं ताईने त्याला सांगितलं, आणि पत्रांचे मसुदे माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडायला लागले.

आधी प्रकरण काय ते सांगतो. भाचा ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर आहे. हा व्हिसा माणसाचा कमी आणि कंपनीचा जास्त. कंपनी प्रायोजक असते. तिने नारळ दिला तर साधारण साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधा, नाहीतर बॅगा भरा. ग्लोबल टॅलेंटवाल्याला प्रायोजक लागत नाही. त्याने नोकरी बदलावी, सोडावी, स्वतःची कंपनी काढावी, कोणी हटकत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हा व्हिसा सुरू झाला. संगणकवाल्यांची पारख ‘टेक नेशन’ नावाची संस्था करते. तिने मान डोलावली की पुढचं गृहखातं बघतं. नोबेल किंवा ऑस्करसारखं पारितोषिक मिळालेल्यांना ही पारख माफ आहे. भाच्याला यातलं काही मिळालेलं नाही. ताईच्या मते, अजून मिळालेलं नाही.

पारख करणाऱ्या या संस्थेवरही मध्यंतरी वेळ आली होती. सरकारी पैशाचा ओघ दुसरीकडे वळला आणि २०२३ च्या जानेवारीत तिने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पुढे ‘फाउंडर्स फोरम’ने तिला पदरात घेतलं, म्हणून व्हिसाचं काम चालू राहिलं. कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकावा म्हणजे काय, याचा तिलाही अनुभव असावा.

तर पत्रं तीन. तिन्ही वेगवेगळ्या संस्थांतल्या वरिष्ठांची. लिहिणारा स्वतः या क्षेत्रातला मान्यवर हवा आणि अर्जदाराचं काम त्याने निदान बारा महिने पाहिलेलं हवं. तीन पानांच्या आत त्याने सांगायचं, की मी याला कसा ओळखतो, याने नेमकं काय केलं आणि हा आपल्याकडे राहिला तर ब्रिटनच्या तंत्रज्ञान क्षेत्राचं काय भलं होईल. नोकरी सोडताना देतात तसला दाखला चालत नाही. शिवाय पुराव्याची दहापर्यंत कागदपत्रं, तीही प्रत्येकी तीन पानांत बसवलेली. शुल्क २०२५ मध्ये ७६६ पौंड, आणि आरोग्याचा अधिभार दर वर्षाचा १,०३५ पौंड, तो वेगळाच. ताईने आकडे ऐकून घेतले आणि विचारलं, “एवढे पैसे मोजायचे आणि वर पत्रंही आपणच न्यायची?”

पत्रं कोणाची घ्यायची यावर व्हिडिओ कॉलवर घरची बैठक भरली. भावजींनी लगेच आमदारांचं नाव पुढे केलं. पत्र सकाळी मागितलं तर संध्याकाळपर्यंत मिळतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. डिजिटल क्षेत्रातला माणूस हवा म्हटल्यावर ते म्हणाले, “त्यांचं फेसबुक पेज आहे की.” ताईला शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. ओळख बारा महिन्यांच्या वरची आहे, पाचवी ते सातवी बाईच होत्या. भाच्याच्या काकांनी सहकारी बँकेतल्या एका मोठ्या साहेबांचं नाव सुचवलं, कारण बँकेत आता सगळं कॉम्प्युटरवरच चालतं. भाचा पलीकडून शांतपणे ऐकत होता. थोड्या वेळाने त्याचा व्हिडिओ बंद झाला. नेट गेलं, असं त्याने नंतर सांगितलं.

शेवटी त्याने स्वतःच तीन नावं काढली. पुण्यातल्या आधीच्या कंपनीतले सर, लंडनचा आताचा साहेब, आणि जर्मनीतल्या एक बाई, ज्यांच्या ओपन सोर्स लायब्ररीत त्याने फावल्या वेळात बरंच काम केलं आहे.

पुण्याच्या सरांचा पहिला मसुदा मी वाचला. हा मुलगा हार्डवर्किंग आहे, सिन्सिअर आहे, टीम प्लेअर आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मला शाळा सोडल्याचा दाखलाच आठवला. त्यात ‘अभ्यासातील प्रगती: समाधानकारक’ आणि ‘वर्तणूक: चांगली’ अशा दोन नोंदी असतात. पुढे वैज्ञानिक झालेल्यांच्या दाखल्यावर त्याच असतात आणि पुढे तुरुंगात गेलेल्यांच्याही.

मग सरांचं आणि माझं फोनवर बोलणं झालं. बाणेरला राहतात, पन्नाशीच्या आसपासचे, एका मोठ्या सॉफ्टवेअर उत्पादनाचे प्रमुख आहेत. बोलण्यात अत्यंत सज्जन.

“काका, मुलगा चांगलाच आहे हो. पण अजून काय लिहू?”

“त्याने तुमच्याकडे केलेलं एखादं काम आठवतंय?”

“तशी बरीच आहेत. एकदा दिवाळीचा सेल चालू होता आणि पेमेंटची भानगड झाली. लोकांचे पैसे कापले जात होते आणि ऑर्डर पडत नव्हती. ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. हा घरी होता. सोवळं नेसून बसला होता म्हणे, तसाच लॅपटॉप उघडला. कोणाचे पैसे कुठे अडकलेत ते शोधायला आम्हाला तोवर दोन-तीन दिवस लागायचे, माणसं बसवून एकेक नोंद जुळवायला लागायची. याने पहाटेपर्यंत बसून असं काही लिहिलं की तासाभरात सगळं आपोआप जुळायला लागलं. अजून तेच वापरतो आम्ही. आता तर आमच्या सगळ्या देशांतल्या सेवांना तेच लावलंय.”

“अहो, मग हेच लिहा ना!”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग खरोखर गोंधळलेल्या आवाजात ते म्हणाले, “हे काय लिहायचं, काका? हे तर त्याचं कामच होतं.”

इथे मी हात टेकले. पण हे वाक्य एकट्या सरांचं नाही, आपल्या अख्ख्या समाजाचं आहे. आपल्याकडे कामाचं कौतुक दोन वेगांत चालतं. पहिल्यात, माणूस समोर असतो आणि कामाचा असतो, तेव्हा ‘बरं झालंय’ ही परिसीमा. ‘वाईट नाही’ म्हणजे सुवर्णपदक. दुसरा वेग एकदम चौकातल्या फ्लेक्सचा. तिथे कालपर्यंत पानाच्या टपरीवर उभा असलेला माणूस वाढदिवसाच्या सकाळी कार्यसम्राट, युवकांचं आशास्थान आणि विकासपुरुष होतो. या दोहोंच्या मध्ये, एका माणसाने एक काम केलं, ते असं असं केलं, त्याने हे हे बदललं, एवढं सरळ सांगणारा वेग आपल्या गाडीला बसवलेलाच नाही. आणि टेक नेशनला नेमका तोच हवा असतो.

सरांचं मी मन वळवलं. दुसरा मसुदा चार दिवसांनी आला, आणि गाडी थेट फ्लेक्सवर गेली होती. ‘व्हिजनरी’, ‘गेम चेंजर’, ‘पिढीत एखादाच’. लक्ष्मीपूजनाची रात्र गायब. मुलीने एआयला सांगून लिहून घेतलं, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. मी म्हटलं, फोनवर मला सांगितलंत तेच लिहा, सोवळं फक्त वगळा.

भाच्याचा उपद्व्याप वेगळाच. साहेबांना त्रास नको म्हणून लंडनवाल्याच्या पत्राचा मसुदा त्याने स्वतःच करून दिला होता. हा रिवाज सगळ्या जगात आहे असं तो म्हणाला, आणि असेलही. पण रात्री अकरा वाजता स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून ‘मी या तरुणाकडे अत्यंत आदराने पाहतो’ असं स्वतःबद्दल टाइप करायला वेगळी छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती हे वाचताना कळत होतं. प्रत्येक पराक्रमाच्या पुढे ‘आम्ही’. आम्ही बांधलं, आम्ही वाचवलं, आमच्या टीमने शक्य केलं. संस्कार उत्तम, अर्ज कच्चा. टेक नेशनला टीमला व्हिसा द्यायचा नसतो. शिवाय एकाच माणसाने तीन पत्रं लिहिली की तिन्ही पत्रं एका आईची लेकरं दिसतात: तीच विशेषणं, तोच क्रम. तपासणाऱ्याला ते ओळखायला बुद्धी लागत नाही, चष्मा पुरतो. मी त्याला म्हटलं, मसुदा देऊ नकोस, मुद्दे दे. कोणतं काम, कधी, आधी काय होतं, नंतर काय झालं. भाषा ज्याची त्याला लिहू दे, खडबडीत असली तरी.

लंडनचा साहेब हा प्रकारच नाजूक. हे पत्र मिळालं की भाच्याला त्या कंपनीची गरज उरणार नाही, म्हणजे जिने बांधून ठेवलंय तिच्याकडेच दोरी सोडण्याची शिफारस मागायची. साहेबाने कुरकूर न करता लिहून दिलं, याचं मला अजून नवल वाटतं. पण इंग्रज माणूस. सबंध पत्रात सगळ्यात मोठी स्तुती कोणती, तर याचं काम ‘सातत्याने विश्वासार्ह’ असतं. ते वाचून मला गहिवरून आलं. हा गृहस्थ सदाशिव पेठेत सहज खपला असता.

सगळ्यात चांगलं पत्र आलं जर्मन बाईंकडून. त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की या माणसाशी माझं तीन आठवडे भांडण चालू होतं. त्याने सुचवलेला बदल मला चुकीचा वाटत होता, मी दोनदा परत पाठवला, तो प्रत्येक वेळी नवी मोजमापं घेऊन आला, आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं. तो बदल कोणत्या आवृत्तीत गेला आणि त्यामुळे काय वेगवान झालं, तेही पुढे होतं. विशेषण एकही नव्हतं. भाच्याला भीती, की बाईंनी भांडणाचं कशाला लिहिलं. मला विचाराल तर त्या भांडणामुळेच पत्राला वजन आलं. ज्याला कधी विरोध केला त्याच्याबद्दल बरं बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो.

मध्येच एक दुःखद प्रसंगही घडला. भाच्याची नोकरीतली पहिली चार वर्षं हिंजवडीत गेली, एका अमेरिकन विमा कंपनीचं काम करण्यात. रोजचा वाकडचा पूल, रात्रीचे कॉल, मुंजीला रजा नाही. या व्हिसाला मात्र स्वतःचं डिजिटल उत्पादन असलेल्या कंपनीतलं काम लागतं. दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या आउटसोर्सिंग आणि सल्लागार कंपन्यांतला अनुभव सहसा धरत नाहीत. पुण्यातल्या निम्म्या घरांचे हप्ते ज्या कामावर फिटले, ते काम या हिशेबात शून्य. ती चार वर्षं अर्जात एका ओळीत आटोपली. ताईने त्या ओळीकडे बघितलं आणि म्हणाली, “डबे मी भरलेत त्या चार वर्षांचे.”

याच सुमारास न्यू जर्सीतल्या आमच्या साडूंच्या मुलाचाही अर्ज चालला होता, त्यामुळे नातेवाइकांत तुलनेला ऊत आला. तिकडचा प्रकार म्हणजे असामान्य गुणवत्तेवर ग्रीन कार्ड देणारा ‘ईबी-वन-ए’. १९९० च्या कायद्याने आलेली ही सोय. दहा कसोट्या, त्यांतल्या निदान तीन उतरायला हव्यात, आणि पुन्हा शिफारसपत्रांचा ढीग. लोक तिच्या मागे लागतात कारण नेहमीच्या ‘ईबी-टू’च्या रांगेत २०२५ च्या मध्याला भारतीयांचा नंबर जानेवारी २०१३ वर येऊन ठेपला होता. दहा कसोट्यांतली एक म्हणजे इतरांच्या कामाचं परीक्षण केलेलं असणं. त्यामुळे साडूंचा मुलगा हल्ली मिळेल त्या स्पर्धेचा परीक्षक होतो. यंदा मंडळाच्या मोदक स्पर्धेलाही होता, पण ते वकिलाने धरलं नाही.

या अमेरिकी प्रकाराला लोक लाडाने ‘आईनस्टाईन व्हिसा’ म्हणतात. खुद्द आईनस्टाईनची कथा मात्र आपल्या ओळखीची आहे. १९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन बाहेर पडला आणि नोकरी मिळेना. १९०१ च्या एप्रिलमध्ये त्याचे वडील हेर्मान यांनी लायप्झिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. पोराला न सांगता. माझा मुलगा खचलाय, त्याला धीराचे दोन शब्द लिहा, जमल्यास साहाय्यकाची जागा बघा, अशा अर्थाचं. त्याचा उपयोग झाला नाही. मग वर्गमित्र मार्सेल ग्रोसमानच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट कार्यालयाच्या संचालकाकडे शब्द टाकला आणि १९०२ मध्ये तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून आईनस्टाईन चिकटला. म्हणजे शुद्ध वशिला, मित्राच्या वडिलांचा. पुढे त्याला नोबेलसाठी सगळ्यात आधी ज्याने सुचवलं, तो हाच ओस्टवाल्ड.

हे मी ताईला सांगायला नको होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मी लिहू का टेक नेशनला?”

थोडक्यात लिहिण्याच्या बाबतीत मात्र कार्नेगी टेकचे प्राध्यापक डफिन यांच्यापुढे कोणी जाणार नाही. १९४८ मध्ये त्यांनी जॉन नॅशसाठी प्रिन्स्टनला जे पत्र धाडलं, ते जेमतेम चार-पाच ओळींचं होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवीधर होईल, आणि तो गणितातला प्रतिभावंत आहे. संपलं. नॅशला पुढे नोबेल मिळालं. पण ते पत्र आजच्या पद्धतीत तपासायला गेलं असतं तर परत आलं असतं. लिहिणाऱ्याचा परिचय जोडलेला नाही. अर्जदाराचं नेमकं योगदान स्पष्ट केलेलं नाही. देशाला होणाऱ्या फायद्याचा उल्लेख नाही.

या देशाच्या फायद्यावर पुण्याचे सर पुन्हा अडले. “काका, याच्यामुळे ब्रिटनला काय फायदा होईल, असं विचारलंय. माझ्या आजोबांनी बेचाळीसला चलेजाव म्हणत सहा महिने येरवड्यात काढले. आणि मी लिहू, की तुमचा फायदा व्हावा म्हणून हा मुलगा ठेवून घ्या?” मी म्हटलं, आजोबांना मध्ये आणू नका, पेमेंटच्या क्षेत्रापुरतं बोला. शेवटी त्यांनी लिहिलं की पैशांचे व्यवहार बिनचूक जुळवण्याचं ज्ञान तिथल्या नव्या कंपन्यांना उपयोगी पडेल. आणि मला खासगीत म्हणाले, “जुळवायला लागले तर बरेच मागचे हिशेबही निघतील त्यांचे.”

आता फक्त लिहिणाऱ्याचा परिचय राहिला होता. नियम असा की शिफारस करणारा कोण आहे, तेही कळलं पाहिजे; त्याची अर्हता, पदं, कामगिरी. सर म्हणाले, माझं काय, दोन ओळी टाकतो. दोन दिवस झाले, आठवडा झाला, परिचय येईना. भाच्याने आठवण केली तर म्हणाले, जुन्या फायली बघतोय. मग एक पान आलं. दुसऱ्या दिवशी सुधारलेलं दीड पान. त्यानंतर तीन पानं, त्यांत दोन पेटंटं, बंगळुरूच्या परिषदेतलं बीजभाषण, आणि सात देशांत चालणारं ते उत्पादन, जे त्यांनी अगदी पहिल्या ओळीपासून उभं केलं होतं. एकदाही ‘आम्ही’ नाही. हे तर माझं कामच होतं, असंही कुठे नाही.

रात्री त्यांचा मला फोन आला. आवाज जरा बदललेला.

“काका, हे सगळं एकत्र लिहून काढल्यावर मी वाचलं. आजवर असं कधी वाचलंच नव्हतं हो.”

“मग? छान आहे की.”

“तेच म्हणतो. आता एक सांगा, या व्हिसाला वयाची काही अट असते का?”

“नाही बहुतेक.”

“आणि पत्र देणाऱ्याने बारा महिने काम पाहिलेलं असलं की पुरे ना? तुमच्या भाच्याने माझं चांगलं पाच वर्षं पाहिलंय.” ते थोडे थांबले. “त्याचा एकदा व्हिसा होऊन जाऊ दे. मग मी मुद्दे पाठवतो त्याला.”